लोकवर्गणीचा टीव्ही आणि पुस्तकाला नाक टेकवणारा मुलगा

*मॅडम, मी बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहे. पट ३१, तिसरी-चौथी माझ्याकडे. मागच्या वर्षी गावानं लोकवर्गणी काढून ४३ इंची टीव्ही घेऊन दिला. त्यावर मी कवितांचे, गाण्यांचे व्हिडिओ लावते. मुलं खूश होतात, पण टीव्ही बंद केला की हाती काहीच उरत नाही असं वाटतं. तिसरीतला एक मुलगा पुस्तकाला नाक टेकवून वाचतो. चौथीतल्या एका मुलीला कमी ऐकू येतं. एक जण गोष्ट सांगायला लागला की थांबत नाही, पण वहीत दोन ओळी उतरत नाहीत. दिवाळीनंतर काही घरं ऊसतोडीला जातात, त्यांच्याबरोबर तीन-चार लेकरंही. पुढच्या महिन्यात केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद आमच्या शाळेवर आहे. केंद्रप्रमुख म्हणाले, ‘काहीतरी डिजिटल दाखवा.’ मला यातलं फारसं कळत नाही. कोणतं अ‍ॅप घेऊ?*

प्रिय ताई,

तुम्ही अ‍ॅपचं नाव विचारलंत आणि मी आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवणार आहे. रागावू नका. नाक टेकवून वाचणाऱ्या मुलाला कदाचित फक्त चष्मा लागत असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेवर येतं, तेव्हा बहुतेक ठिकाणी वजन-उंची होते आणि पोरं रांगेतून सुटतात. या वेळी त्या मुलाला आणि कमी ऐकणाऱ्या मुलीला स्वतः हात धरून पुढे उभं करा. काय काय दिसतं, कधीपासून दिसतं ते कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. गरज असली तर ते पुढे जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात. आणि गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना फोन करा, कारण गोष्ट सांगणाऱ्या पण न लिहिणाऱ्या मुलाकडेही त्यांनी एकदा बघायला हवं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात कमी दृष्टी, कमी ऐकू येणं आणि अध्ययन अक्षमता, तिन्ही आहेत. मात्र तपासणीआधी कुणाच्या कपाळावर शिक्का मारू नका.

हे एवढं आग्रहानं सांगतेय, त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगी फळ्यावरचं नेहमी चुकीचं उतरवायची. मी तिला दोन वर्षं ‘वेंधळी’ म्हणत राहिले. तिला फळाच नीट दिसत नव्हता हे नंतर तिच्या मामानं सांगितलं. मामानं. मी नव्हे. तुम्ही पहिल्याच पत्रात तीन मुलं इतकी नेमकी टिपलीत, म्हणजे माझ्या फार पुढे आहात.

आता टीव्ही. त्याच्यावर व्हिडिओ लावण्याऐवजी त्याला भिंग करा. तुमचा फोन वह्यांच्या दोन ढिगांवर पुलासारखा आडवा ठेवा, कॅमेरा खाली, पुलाखाली पुस्तक. फोनची स्क्रीन टीव्हीवर टाका, त्याला ‘कास्ट’ म्हणतात. बहुतेक स्मार्ट टीव्हींत ही सोय असते. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत, शाळेत वायफाय नसलं तर दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट पुरतो. पुस्तकातली चार ओळींची कविता ४३ इंचांवर पसरली की तो मुलगा पहिल्यांदा पाठ सरळ ठेवून वाचेल. या पुलाखाली पुस्तकच पाहिजे असंही नाही. शेंग सोलून ठेवा, मुंगी ठेवा, एखाद्याची गणिताची पाटी ठेवा, ‘याची वजाबाकी कुठं घसरली, सांगा’ म्हणा. सगळ्या वर्गाला एकाच वेळी एकच दाणा दिसतो, ही गोष्ट आमच्या काळी फळ्यावर चित्र काढूनही जमायची नाही. माझी चित्रकला तर अशी, की गाय आणि टेबल यांत फक्त शिंगांचा फरक.

दोन अडचणी येतील. पहिली, टीव्हीवर समोरच्या खिडकीचा उजेड पडतो. गोणपाट लावा, नाहीतर टीव्हीची भिंत बदला, कारण चकाकीत कमी दिसणाऱ्या मुलाला आणखी कमी दिसतं. दुसरी, वीज. भारनियमनाच्या वेळेला डिजिटल शाळा अंधारी शाळा होते. त्यासाठी एक जुनी युक्ती हाताशी ठेवा: झेरॉक्स. ए-फोर पान ए-थ्रीवर मोठं करायला मशीनवर १४१ टक्के सांगायचं. धड्याची अशी मोठी पानं काढून, टाचून त्याच्या दप्तरात ठेवा. स्वतः टाइप करून देणार असाल तर अक्षर १८ पॉइंटच्या खाली नको, ओळींत अंतर मोकळं आणि कागद न चकाकणारा. ही झेरॉक्स ‘डिजिटल’ नाही म्हणून परिषदेत कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

फोनमध्ये आणखी एक दालन आहे, जे बहुतेक जण उघडतच नाहीत. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ शोधा. तिथे स्क्रीन मोठी करणं, रंग उलटे करून काळ्यावर पांढरी अक्षरं करणं आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवणं, हे सगळं फुकट बसलेलं आहे. मराठी आवाजही आहे. जरा सरकारी निवेदकासारखा बोलतो, पण बोलतो. त्या मुलालाच ठरवू द्या काय बरं वाटतं. काही मुलांना काळ्यावर पांढरं आवडतं, काहींना अजिबात नाही.

इथे मात्र एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः आपटलेय. फोननं पीडीएफ वाचून दाखवावी म्हणून मी एका सराव प्रश्नसंचाची फाइल लावली, तर आवाज ‘के, डॉलर, एफ, स्लॅश’ असं काहीतरी बरळायला लागला. मुलं हसून लोळली. झालं असं होतं की तो संच डीटीपीवाल्यानं जुन्या फॉन्टमध्ये केला होता. त्या फॉन्टात आत इंग्रजी अक्षरंच बसलेली असतात, वरून फक्त मराठीचा मुखवटा. डोळ्यांना ‘कमळ’ दिसतं, यंत्राला दिसतो तो कचरा. युनिकोड या प्रमाण पद्धतीत ‘क’ हा आतूनही ‘क’च असतो. फाइल कोणती आहे ते ओळखायची सोपी चाचणी: तिच्यातली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी राहिली तर यंत्र वाचेल, चिन्हांचा चिवडा झाला तर नाही. ओळ कॉपीच होत नसेल तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे. तो फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडला तर त्यातली मराठी अक्षरं वेगळी काढून मिळतात. रफार आणि अनुस्वार हातानं तपासा, तिथे हमखास घोटाळा होतो. पुढच्या वेळी तालुक्याला प्रश्नपत्रिका टाइप करायला दिलीत तर दुकानदाराला ‘युनिकोडमध्ये करा’ एवढे दोन शब्द सांगा. आपल्याकडे कमी दिसणाऱ्या मुलांच्या वाटेत यंत्राच्या किमतीइतकाच हा फॉन्ट आडवा येतो, असं माझं मत झालंय.

यंत्राच्या आवाजापेक्षा गोड आवाज तुमच्या चौथीत बसलेला आहे. चौथीच्या मुलांना तिसरीचे धडे रेकॉर्ड करायला लावा. फोनमधला साधा रेकॉर्डर बास. नियम दोनच: आधी पान क्रमांक म्हणायचा आणि चित्र आलं की त्याचं वर्णन करायचं.

हा दुसरा नियम सोन्याचा आहे. आमच्या शाळेत पहिल्यांदा केलं तेव्हा एका मुलीनं वाचून झाल्यावर म्हटलं, ‘चित्रात एक बाई आहे.’ ऐकणाऱ्या मुलानं विचारलं, ‘काय करतीय?’ तिनं पुन्हा रेकॉर्ड केलं: ‘बाई पाणी शेंदतीय.’ हा म्हणाला, ‘एकटीच हाय का? दमलीय का हसतीय?’ ती पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन बघत बसली. मग म्हणाली, ‘बाई, तिच्या तोंडावरून कळंना. पण पदर कमरेला खोचलाय, म्हंजी लई वेळची शेंदत असंल.’ मी त्या वर्षी चित्रवर्णनाचा तास वेगळा घेतलाच नाही. ज्याच्यासाठी हे केलं त्याला धडे मिळाले, वाचणाऱ्यांचं प्रकट वाचन सुधारलं आणि अडखळत वाचणारी दोन-तीन पोरं मधल्या सुट्टीत तेच ऐकत पुस्तकावर बोट फिरवायला लागली. हे मी ठरवलं नव्हतं.

याच रेकॉर्डिंगवर तुमची ऊसतोडीला जाणारी लेकरं धरून ठेवा. कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, व्हिडिओ चालत नाही. नेट पुरत नाही आणि फोन बापाच्या खिशात फडात असतो. पण तीन मिनिटांचा आवाजी निरोप रात्री आला तरी ऐकता येतो, त्याला डेटा किरकोळ लागतो. आठवड्याला एक धडा, एक कोडं. आणि उलट टपालही मागवा. तिथल्या बैलांची नावं काय, पहाटे किती वाजता गाड्या हलतात, कारखान्याचा भोंगा कसा वाजतो, ते रेकॉर्ड करून पाठव म्हणावं. वर्गात नकाशावर तो कारखाना शोधा. मार्चनंतर पोरगं परत येतं तेव्हा त्याला ‘मागे पडलेला’ म्हणूनच बसवलं जातं. भोंग्याचा आवाज पाठवलेलं पोरगं जरा वेगळ्या रुबाबात येतं. पण याच्या जोरावर कुणाला जाऊ देऊ नका हं. हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहणं शक्य असेल तर आधी त्यासाठीच भांडा.

गोष्ट सांगणाऱ्या पठ्ठ्यासाठी कीबोर्डवरचा माइक. गूगलचं मराठी बोलून-टायपिंग २०१७ पासून आहे. तो बोलेल, अक्षरं उमटतील. त्याची गोष्ट छापील दिसली की त्याचा चेहरा बघा. यंत्राला पुस्तकी मराठी बरी समजते, आपली बोली समजत नाही. ‘व्हतं’, ‘गेल्ता’, ‘इचू’ म्हटलं की ते भलतंच काही लिहितं. त्यावर पोराला ‘नीट बोल’ म्हणू नका. यंत्राची चूक यंत्राच्या खात्यावर टाका, त्याला पेन्सिल द्या आणि स्वतःच दुरुस्त करायला लावा. म्हणजे ज्याला दोन ओळी लिहायचा कंटाळा, तो वीस ओळी तपासत बसतो. हळूहळू पहिलं वाक्य हातानं, बाकीचं तोंडानं. मग दोन हातानं. हात लिहिता व्हायला हवाच, पण तोवर गोष्टीनं का तिष्ठत बसावं? गोष्ट तयार झाली की प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर चित्रं निवडून तिचं पुस्तक करता येतं. तिथे मराठी गोष्टीही भरपूर आहेत, मोफत उतरवून छापता येतात, परवानगीची भानगड नाही.

आता कमी ऐकू येणारी मुलगी. तिच्यासाठी सगळ्यात मोठं साधन तुमचं तोंड आहे. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल अशा जागी उभ्या राहा. बोललेलं अक्षरांत दाखवणारं ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ आहे, समोरासमोर दोघी बोलताना वापरून बघा. गलक्याच्या वर्गात ते गांगरतं आणि नेटही लागतं, त्यामुळे त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

आणि तिला दिग्दर्शक करा.

दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढण्याआधी, १९१२ च्या सुमारास, भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्यानं थोडी थोडी टिपली होती. पडद्यावर रोप झरझर वाढताना दिसलं. आवाज नाहीच. तो मूकपटांचा जमाना, जे सांगायचं ते चित्रात आणि पाट्यांवर. तुमच्या वर्गात आवाजावाचून कुणाचं अडू नये असा सिनेमा म्हणजे हाच.

खोबरेल तेलाच्या कापलेल्या डब्यात हरभरा पेरा. समोर वीट, विटेवर फोनची जागा ऑइलपेंटनं आखून ठेवा, कारण फोन रोज तुमच्याबरोबर घरी जाणार आणि दुसऱ्या दिवशी तो केसभरही सरकलेला चालत नाही. शाळेच्या वेळात दिवसाला चार फोटो, बारा दिवस, म्हणजे ४८. स्टॉप-मोशनचं, म्हणजे सुटे फोटो जोडून सिनेमा करणारं, कुठलंही मोफत अ‍ॅप घ्या, सेकंदाला सहा फोटो लावा. किती सेकंद होतील, हे पोरांनाच काढू द्या. ‘आठच?’ म्हणून वर्ग ओरडेल. मग सिनेमा लांबवायचा तर किती फोटो लागतील, दिवसाला किती काढावे लागतील, हे हिशेब ती आपणहून करतील. रोज सकाळचा पहिला फोटो आला की रोप एकदम उडी मारेल, कारण रात्री शाळा बंद असते. ‘रात्री पण वाढतं का मग?’ हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. उत्तर देऊ नका, पट्टीनं संध्याकाळची आणि सकाळची उंची मोजायला सांगा. मधल्या पाट्या त्या मुलीच्या अक्षरात: ‘तिसरा दिवस. साल फुटलं.’ आवाज, पार्श्वसंगीत काही घालू नका. कुणी हौशी सर बासरी घालायला सांगतील, त्यांना चहा द्या.

मोठ्या नावाचा दबाव घेऊ नका, हेही सांगते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, १० लाख डॉलर्सचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. लोकांच्या लक्षात राहिले ते त्यांनी पुस्तकांत आणलेले क्यूआर कोड. ती मुलं घरी कन्नड बोलत म्हणून गुरुजी आधी कन्नड शिकले, हे फार कमी जण सांगतात. तुमच्या पुस्तकांवरही कोड आहेत. सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवर ते घरी वायफायमध्ये उघडून आधीच उतरवून ठेवा, वर्गात गोल गोल फिरणारं चाक बघत बसायला नको. स्वतः कोड बनवायचा झाला तर जपून. काही फुकट संकेतस्थळं आठ-पंधरा दिवसांनी कोड बंद पाडतात आणि पैसे मागतात.

फोन कुठून आणायचे? तुमचा एकच फोन पोरांच्या हातात गेला की त्यात बँकेचं अ‍ॅप आणि नवऱ्याचे निरोप. लोकवर्गणी मागायचीच तर या वेळी पैसे मागू नका, जुने फोन मागा. काच तडकलेला, सिम नसलेला, कपाटात पडलेला फोन कॅमेरा आणि रेकॉर्डर म्हणून छान चालतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय काढा, चार तरी निघतील. ते हातात द्या, पडले तर पडले. मी एका शाळेत सहा टॅब बघितलेत, प्लास्टिकसुद्धा न काढता कुलपात ठेवलेले, ‘मोडले तर कोण भरणार’ म्हणून. बॅटऱ्या फुगून गेल्या, टॅब कोरे ते कोरेच.

मुलांचे चेहरे स्टेटसवर टाकू नका. आपल्या डिजिटल कामाचे फोटो ग्रुपवर पाठवायची आपल्याला सवय लागलीय, त्यात ‘आमचा दिव्यांग विद्यार्थी’ असं खाली लिहिलं जातं आणि ते गावभर फिरतं. पालकांना विचारल्याशिवाय नाहीच आणि विचारूनही शक्यतो हातांचे फोटो टाका, कामाचे टाका.

परिषदेत पीपीटी करू नका. नाक टेकवणाऱ्या मुलाकडे तो वह्यांचा पूल सोपवा. आलेल्या शिक्षकांपैकी कुणाचाही चष्मा मागून घेऊन कॅमेऱ्याखाली ठेवायला सांगा आणि काडीवर काय लिहिलंय ते त्यानं सगळ्यांना वाचून दाखवावं. बारीक अक्षर असतं तिथे, आपल्यापैकी कुणालाच दिसत नाही. केंद्रप्रमुखांचाच चष्मा घेतला तर उत्तम. त्यानंतर सिनेमा.

परिषदेला महिनाच उरलाय आणि त्यात रविवार, सुट्ट्या जाणार. हरभरा आज रात्री भिजत घाला.

तुमची,
एक निवृत्त बाई